दोन साडू आणि एक लॉक

मास्तरांना मी सोळा वर्षं ओळखते. त्यातली पहिली चौदा वर्षं त्यांनी कुणाचा हेवा केल्याचं मला आठवत नाही. हेवा करावा असं कुणी त्यांच्या आसपास नव्हतंच, हे त्याचं खरं कारण.

आमची कंपनी नेटवर्क कार्डं बनवते. मी टेस्टिंगच्या खोलीत बसते, मास्तर शेजारच्या ड्रायव्हरच्या खोलीत, आणि मध्ये काचेची भिंत. मास्तर हे नाव त्यांना ऑफिसने दिलेलं. त्यांना काहीही विचारलं की ते उठून थेट फळ्यापाशी जात, आणि प्रश्न एका ओळीचा असला तरी उत्तर फळाभर होई. शर्टाच्या बाहीला कायम निळ्या मार्करचे डाग. कार्ड मशीनमध्ये बसवलं की त्याच्याशी बोलायला कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, पोटात एक प्रोग्रॅम लागतो, तो ड्रायव्हर. आमच्या कार्डाचा ड्रायव्हर मास्तरांनी एकट्याने लिहिला होता, आणि त्यातला त्यांचा सगळ्यात लाडका भाग म्हणजे आकडेवारी. माहितीची किती पॅकेट गेली, किती आली, किती वाटेत गळली, किती खराब निघाली. कार्डावरचे मोजणीचे आकडे लहान असतात आणि एकदा वाचले की शून्य होतात. म्हणून ड्रायव्हर दर सेकंदाला ते वाचतो आणि मेमरीतल्या मोठ्या बेरजेत मिळवतो. ग्राहकाला दिसते ती ही बेरीज. "माझी बेरीज" असंच मास्तर म्हणत.

दोन वर्षांपूर्वी त्यांचे साडू आमच्याकडे लागले. साडू म्हणजे मास्तरांच्या धाकट्या मेहुणीचे यजमान. त्यांच्या जुन्या कंपनीने तो विभागच बंद केला होता. मास्तरांनी स्वतः आमच्या मॅडमच्या खोलीत जाऊन शब्द टाकला. मॅडम ड्रायव्हरच्या गटाच्या प्रमुख. "माझे साडू आहेत म्हणून नाही सांगत, माणूस खरोखर हुशार आहे," असं ते म्हणाले. पुढे मला सांगताना म्हणायचे, त्या वाक्याचा उत्तरार्ध खरा निघाला, हीच तर पंचाईत झाली.

साडू बेचाळीसचे, मास्तरांहून आठ वर्षांनी लहान. बोलणं कमी. कुणी काही विचारायला आलं की हातातलं काम ठेवून आधी त्याचंच पूर्ण ऐकून घेत, मग म्हणत, "तुम्हाला काय वाटतं?" आणि बहुतेक वेळा विचारणाऱ्यालाच उत्तर सापडे. लोकांना हे फार आवडलं. फळाभर ऐकण्यापेक्षा आपलंच उत्तर आपल्याला सापडणं कुणाला नाही आवडणार?

तीनेक महिन्यांत मास्तरांच्या डोळ्यांत साडू खुपायला लागले. मोजणं हा मास्तरांचा धंदाच, त्यामुळे हेवाही त्यांनी मोजून केला. दुपारी चहाचा कप घेऊन ते माझ्या दारात उभे राहत आणि हिशेब सांगत.

"आज त्यांच्याकडे सात जण गेले. माझ्याकडे दोन. त्यातला एक चार्जर मागायला."

मी हसले की तेही हसत. पण कपाळावरची आठी तशीच असे. मॅडम बैठकीत साडूंकडे बघून किती वेळा मान हलवतात, हे त्यांना ठाऊक. साडूंनी लिहिलेल्या कोडवर कुणी "सुंदर" असा शेरा दिला, तर तो त्यांना पाठ. स्वतःच्या कोडला सोळा वर्षांत "सुंदर" कुणी म्हटलं नाही, "चालतं" एवढंच म्हटलं, हेही त्यांनी जुने शेरे उकरून पक्कं केलं होतं. समोर मात्र मास्तर गोड बोलत. दोघंच असले की साडू मास्तरांना "दादा" म्हणत आणि चारचौघांत "मास्तर". मास्तर दोन्हीला सारख्याच हसऱ्या तोंडाने ओ देत.

घरीही सुटका नव्हती. दोघी बहिणी दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहणाऱ्या. फोन झाला नाही असा दिवस नाही. ऑफिसात साडूंचं कौतुक झालं की मास्तर घरी पोहोचायच्या आत ते तिथे पोहोचलेलं असे. आणि रविवारी सगळ्यांनी सासऱ्यांकडे जमायचं हा रिवाज. सासरे घड्याळं दुरुस्त करणारे. दुकान मुलींच्या लग्नानंतर बंद केलं, पण खिडकीशी कामाचं टेबल अजून मांडलेलं. चिमटे, बारीक पेचकस, तेलाची इवलीशी बाटली आणि डोळ्याला लावायचं भिंग. त्या भिंगाला ते कुणाला हात लावू देत नसत. एकोणीस वर्षं मास्तर त्या टेबलाशेजारच्या स्टुलावर बसत आले होते. तेच मोठे जावई, ती जागा त्यांची.

एका रविवारी मास्तरांना पोहोचायला उशीर झाला. आत शिरतात तर काय, साडू टेबलाशी बसलेत, डोळ्याला भिंग, हातात चिमटा, आणि सासरे पाठीशी उभे राहून त्यांच्या खांद्यावरून वाकून बघतायत. मास्तरांनी नेहमीसारखा घसा खाकरला. सासऱ्यांनी मान वर न करताच हात दाखवला. "थांबा जरा, मोठे जावई. त्यांचा हात हलेल."

मास्तर दारातच उभे राहिले. घरी जाताना त्यांनी बायकोला ऐकवलं, की एकोणीस वर्षांत मला कधी भिंग दिलं नाही. बायको म्हणाली, "तुम्ही कधी मागितलंत का?" मागितलं नव्हतं, हे खरंच होतं. घड्याळांत त्यांना काडीचा रस नव्हता. तरी आपल्या खिशातलं काहीतरी कुणी काढून घेतल्यासारखं त्यांना रात्रभर वाटत राहिलं. सोमवारी हे सगळं त्यांनी मला सांगितलं, आणि सांगताना स्वतःवरच चिडले. "या वयात भिंगावरून रुसतोय मी."

मग ती तक्रार आली.

आमचा एक मोठा ग्राहक टेलिफोनच्या केंद्रांत आमची कार्डं वापरायचा. त्याचं म्हणणं असं, की तुमची आकडेवारी जुळत नाही. या टोकाने पाठवलेली पॅकेट त्या टोकाला मोजली तर जास्त भरतात, आणि इथे पाठवल्याच्या आकड्यात तीच कमी दिसतात. रोज नाही, गर्दीच्या वेळेला. मास्तरांनी हात झटकले. त्यांची मोजण्याची रीत चुकीची असणार, माझ्या बेरजेत बारा वर्षांत चूक निघालेली नाही. तीन आठवडे ते हेच म्हणत राहिले. चौथ्या आठवड्यात मॅडमनी तो प्रश्न साडूंच्या हाती दिला.

मास्तर त्या दिवशी माझ्याकडे आलेच नाहीत. काचेतून मला ते दिसत होते. तोंड स्क्रीनकडे आणि लक्ष सगळं साडूंच्या खुर्चीकडे.

साडूंनी चार दिवसांत दुखणं शोधलं. मास्तरांनी ड्रायव्हर लिहिला तेव्हा बेरजेला हात लावणारं एकच कुणी होतं, दर सेकंदाला येणारा थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅमचं स्वतंत्रपणे चालणारं एक काम. पुढे ग्राहकांनी मागणी केली, की आम्ही विचारू तेव्हा त्या क्षणाचा ताजा आकडा हवा. मग मास्तरांनीच दुसरी वाट उघडून दिली. कुणी आकडा मागितला की तिथल्या तिथे कार्ड वाचायचं आणि बेरजेत मिळवायचं. आता मशीनला अनेक कोर, म्हणजे अनेक मेंदू; दोन थ्रेड खरोखर एकाच वेळी चालू शकतात. एकाने बेरीज उचलली, शंभर. दुसऱ्यानेही उचलली, शंभर. पहिल्याने कार्डावरचे सात मिळवून एकशे सात ठेवले, दुसऱ्याने स्वतःचे पाच मिळवून त्यावर एकशे पाच ठेवले. सात गेले, आणि कार्डावरचा आकडा तर वाचताक्षणी शून्य झालेला, म्हणजे पुन्हा मिळायची सोय नाही. त्या जागी मास्तरांच्याच हातची टीप होती, की इथे एका वेळी एकच जण येतो, लॉक नको.

साडूंनी बैठकीत हे सांगताना त्या टिपेचा उल्लेखसुद्धा केला नाही. "जुन्या मशीनला हे बरोबरच होतं," एवढंच म्हणाले. मास्तर नंतर मला म्हणाले, "टोचून बोलले असते तर बरं झालं असतं. मला भांडता तरी आलं असतं."

दुरुस्ती साडूंनी दुसऱ्या दिवशी लिहिली. बेरजेला लॉक लावला, म्हणजे एक थ्रेड आत असेल तर दुसऱ्याने थांबायचं. आमच्याकडे नियम असा, की कुठलाही बदल दुसऱ्या एका माणसाने वाचून मंजूर केल्याशिवाय आत जात नाही. आकडेवारीचा भाग मास्तरांचा, तेव्हा वाचायचा मास्तरांनीच.

मास्तरांनी तो सकाळी अकराला उघडला. सव्वाअकराला त्यांना चूक दिसली. कर्नलमध्ये लॉक दोन जातीचे असतात. एका जातीत थांबणारा थ्रेड झोपी जातो आणि पाळी आली की उठतो. दुसऱ्या जातीत तो झोपत नाही, दाराशी ताटकळत फिरत राहतो. साडूंनी झोपणारा लॉक लावला होता. पण काही ग्राहक दोन कार्डं जोडून एकासारखी वापरतात, आणि तशा जोडीत आकडे मागायला येणारा थ्रेड आधीच दुसरा एक लॉक हातात धरून आलेला असतो. त्या अवस्थेत झोपायला सक्त बंदी. तो झोपला तर मशीन जागच्या जागी थिजू शकतं. साडूंनी या कार्डाच्या जोड्या कधी हाताळल्या नव्हत्या, त्यांना हे माहीत असायचं कारण नव्हतं. मास्तरांनी बारा वर्षं हाताळल्या होत्या.

शेरा लिहायची चौकट उघडी होती. मास्तरांनी दोन शब्द टाइप केले आणि पुसले. मग जेवायला गेले. परत आले आणि काहीही न लिहिता मंजुरीचं बटण दाबलं.

मी तो बदल एकेकट्या कार्डावर तपासला. पास झाला. जोडीवर तपासायला हवा होता; ते माझं चुकलं, आणि पुढे ते उघडकीला आलं तेव्हा मी ते कबूल केलं.

नऊ दिवसांनी ग्राहकाचे तीन इंजिनियर बघायला आले. माझ्याच खोलीत, सकाळी दहाला. त्यांनी आपल्या पद्धतीने दोन कार्डं जोडली आणि गर्दी सुरू केली. अर्धा तास आकडे दोन्ही टोकांना तंतोतंत जुळत होते. साडू मागे हात बांधून उभे होते, मॅडम खुशीत होत्या. मास्तर दाराशी. मग स्क्रीनवरचे आकडे हलायचे थांबले. कीबोर्ड दाबला, काही नाही. मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं, तर वीस मिनिटांनी पुन्हा तेच. पाहुणे शिष्टाचाराने वागले, पण जाताना त्यांच्यातला मोठा इंजिनियर म्हणाला, की आधी निदान आकडेच चुकत होते, आता मशीनच जातंय.

मी मास्तरांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, साडूंच्या काळजीने.

दुपारच्या बैठकीत साडूंनी सगळं आपल्या अंगावर घेतलं. मॅडम म्हणाल्या, मंजुरी देणाऱ्याच्याही नजरेतून हे सुटलं. त्यावर साडू लगेच म्हणाले, "मास्तरांना बोल लावू नका. मी घाईने पाठवलं होतं." मास्तर वहीच्या कोपऱ्यात रेघा ओढत राहिले. त्यांनी मला पुढे सांगितलं, की त्या क्षणी त्यांना लाज वाटायला हवी होती, पण आधी आला तो हेवाच. एवढा चांगुलपणासुद्धा याच माणसाकडे असावा?

साडूंकडून ते काम काढून घेतलं. ते मान खाली घालून येत, काम करत, जात. त्यांच्याकडे विचारायला जाणारे कमी झाले. मास्तरांनी तेही मोजलं. सात, चार, एक. हिशेब सांगायला मात्र ते माझ्या दारात आले नाहीत.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मास्तर आणि त्यांची बायको कपड्यांच्या घड्या घालत बसले होते. नुकताच बहिणीचा फोन झाला होता. बायको सांगत होती, की धाकट्या जावयांचं जेवणाकडे लक्ष नाही, घरी आले की त्याच ओळी काढून बसतात, नोकरी सोडतो म्हणतात. "तुम्ही जरा समजवा हो त्यांना," ती म्हणाली. "ते म्हणतात, मास्तरांनी वाचूनही जी चूक सुटली ती मला सात जन्मांत दिसणार नाही. मी या कामाचाच नाही."

मास्तरांनी हातातला शर्ट खाली ठेवला. "सुटली नव्हती," ते म्हणाले.

बायकोला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिने घडी पूर्ण केली, ढिगावर ठेवली आणि एवढंच विचारलं, "का?"

मास्तरांनी खाली ठेवलेला शर्ट पुन्हा उचलून घडी घालायला घेतला. बायको उठून आत गेली; ऐकलेलं लगेच बहिणीला कळवणारी ती, त्या दिवशी पहिल्यांदा तिने फोन उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मास्तरांनी मॅडमकडे वेळ मागितली. साडूंना बोलावलं आणि मलाही, कारण तपासणी माझी होती. छोट्या खोलीत चौघं बसलो. मास्तर फळ्याकडे गेले नाहीत.

"लॉकची चूक माझ्या नजरेतून सुटली नव्हती," ते म्हणाले. "मंजुरीच्या आधी, सव्वाअकराला मला दिसली होती. मी मुद्दाम लिहिलं नाही."

मॅडमनी कारण विचारलं. मास्तर टेबलाकडे बघत म्हणाले, "हे इथे आले तेव्हापासून मी यांना पाण्यात पाहतोय."

मला साडूंकडे बघवेना. मग साडू बोलले, आणि आवाज अगदी साधा होता.

"कुठल्या ओळीवर लक्षात आलं?"

मास्तरांनी लॅपटॉप उघडला, ओळ दाखवली, जोडीतल्या कार्डांचं सगळं समजावलं. साडूंनी दोन शंका विचारल्या. मग म्हणाले, "समजलं, मास्तर," आणि उठून गेले. चारचौघं होतो म्हणून साडू "मास्तर" म्हणाले असतील, असं मला वाटलं. पण त्यानंतर एकट्यातही त्यांनी दादा म्हटलं नाही, सासऱ्यांच्या घरीसुद्धा नाही.

मास्तरांचा मंजुरीचा अधिकार वर्षभरासाठी गेला. आकडेवारीचा भाग रीतसर साडूंच्या नावावर झाला. मास्तरांना जुन्या कार्डांच्या दुरुस्त्या मिळाल्या. ऑफिसात गोष्ट कुणी बाहेर काढली नाही, पण दोन दिवसांत सगळ्यांना माहीत झाली. काही जण त्यांच्याशी जेवढ्यास तेवढं बोलू लागले. घरात बायको बोलायची, पण कामापुरतं. सासऱ्यांना कुणी सांगितलं कोण जाणे; रविवारी त्यांनी मोठ्या जावयाला बसा म्हटलं आणि दिवसभर घड्याळाविषयी अवाक्षर काढलं नाही.

साडूंनी दुरुस्ती नव्याने लिहिली. आता झोपणारा लॉक नव्हता. दोन्ही वाटांनी येणाऱ्याने आधी तोच एक लॉक घ्यायचा, आत कार्ड वाचायचं, बेरजेत मिळवायचं, मागणाऱ्याला बेरजेची नक्कल द्यायची आणि लगेच बाहेर पडायचं. आतलं काम इतकं थोडं, की थांबणाऱ्याला कळूही नये. मी या वेळी जोडीवर सहा दिवस गर्दी लावून ठेवली.

तो बदल वाचायचा अधिकार मास्तरांना नव्हता, पण बघायला बंदी नव्हती. त्यांनी तो रोज बघितला. पाचव्या दिवशी ते साडूंच्या टेबलापाशी गेले. महिनाभरात पहिल्यांदाच. मी काचेतून पाहत होते, आणि दार उघडं होतं.

"रीसेट राहिलाय," मास्तर म्हणाले. "कार्ड नव्याने सुरू होतं तेव्हा बेरीज शून्य करतो आपण. ती वाट लॉकच्या बाहेरून जाते."

साडूंनी ती जागा उघडली, वाचली. "हो. राहिलाय," म्हणाले, आणि मास्तरांच्या समोरच दोन ओळी घातल्या. बदलाच्या खाली टीप लिहिली, की तिसरी वाट मास्तरांनी दाखवली. मास्तरांनी ती टीप वाचली आणि ते आपल्या जागेवर परतले.

मी त्यांना नंतर म्हटलं, की हे चांगलं केलंत. त्यांनी मान हलवली. "चांगुलपणाने नाही केलं. चूक सापडली तेव्हा मला इतका आनंद झाला, की विचारू नकोस. त्यांचं काहीतरी राहिलं, याचा आनंद. मग वाटलं, सांगितलं नाही तर या आनंदाचं काय होतं ते एकदा बघून झालंय."

दुरुस्ती ग्राहकाकडे गेली. चाळीस दिवसांनी त्यांचं पत्र आलं: दोन्ही टोकांचे आकडे एकदाही चुकले नाहीत, मशीन एकदाही थांबलं नाही. पत्र साडूंच्या नावाने होतं. मॅडमनी ते ड्रायव्हरच्या खोलीत उभं राहून वाचून दाखवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साडू संकोचून स्क्रीनकडे बघत राहिले.

त्या दुपारी मास्तर किती तरी दिवसांनी चहाचा कप घेऊन माझ्या दारात आले.

"मीही वाजवल्या टाळ्या," ते म्हणाले.

"पाहिलं मी."

"पोटात दुखत होतंच. आधी वाटलं, थांबेल मग वाजवू." त्यांनी एक घोट घेतला. "थांबेना. म्हणून तशाच वाजवल्या."